ओल्या खुंटांचा बांध

पावसाळ्यातली अमावास्या जवळ आली की मला अन्न गोड लागत नसे. कट्टा नावाच्या गावातल्या शाळेत मी फळ्यावर गणित मांडत असायचो आणि मनात खाडीचं पाणी चढत असायचं. माझी धाकटी बहीण खाडीकाठच्या गावात, बांधाच्या आतल्या सखल जागेत राहत होती. तिच्या घराचं जोतं बांधाच्या माथ्याच्या खाली होतं. उधाणाला बांध फुटला तर पाणी पहिल्यांदा तिच्या चुलीत शिरणार होतं. आणि तिला तिथे नेऊन बसवणारा मीच होतो.

तो बांध आम्ही श्रमदानातून घातला होता. पन्नास सालानंतरचे ते दिवस. मी त्या गावच्या शाळेत नवा मास्तर होतो, आणि देश आपल्याच हातांनी उभा राहणार यावर माझा पक्का विश्वास होता. जुना बांध खाडीने नेला होता, सगळा मळा खारट होऊन पडला होता. वैशाखात आम्ही कामाला लागलो. शेतकरी आले, होड्यांवरचे लोक आले, बायका आल्या. कामाची वेळ ओहोटी ठरवायची. पाणी उतरलं की चिखलाच्या पाट्या हातोहात निघायच्या, पाणी चढू लागलं की सगळे अंग धुऊन घरी.

पहिल्या दिवशी गावातल्या मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे त्याशिवाय कुदळ जमिनीला लागत नाही. ‘‘बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां हय जमलीत...’’ असं तो म्हणत गेला आणि जमाव प्रत्येक वाक्याला ‘‘व्हय म्हाराजा!’’ म्हणत गेला. शेवटी खाडीच्या राखणदाराला कोंबडा बोलायची वेळ आली. आमच्याकडे प्रत्येक ओहोळाला, प्रत्येक वळणाला असा एक न दिसणारा राखणदार असतो. मी मध्येच हात वर केला. म्हणालो, ‘‘नवस नको. आपला घाम हाच नैवेद्य.’’ मानकरी माझ्याकडे बघत राहिला आणि त्याने वाक्य अर्धंच सोडलं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला उघडलेली तोंडं तशीच मिटली. मला त्या वेळी फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं.

दुसरा वाद खुंटांवरून झाला. खाडीच्या बाजूची माती धरून ठेवायला खुंट ठोकायचे होते. मी सुकं, पक्कं लाकूड मागितलं. पण वैशाखात सुकं लाकूड कोण देणार? पावसाळ्याची चूल त्यावर पेटायची असते. कोणाच्याही पडवीतून एक ढलपी निघेना. मग लोकांनी भेंडाच्या हिरव्या फांद्या तोडल्या आणि परड्याला वई म्हणजे कुंपण घालतात तशा रांगेने ठोकून दिल्या. मी चिडलो. ओलं लाकूड दोन पावसांत कुजेल, म्हणालो. ‘‘कुसले तर दुसरे ठोकू, मास्तरानू. भेंड काय संपाक नाय,’’ एक म्हातारी म्हणाली आणि सगळे हसले. खुंट राहिले.

पाट्या वाहणाऱ्यांत एक सालस तरुण होता. त्याला मी माझी बहीण दिली. डोंगरउतारावरच्या त्याच्या घरात भावांची दाटी होती. मीच म्हटलं, खाली मळ्यात घर बांधा, शेत दारात येईल. तो जरा कचरला. ‘‘बांधाची जबाबदारी माझी,’’ मी म्हणालो. माणूस भोळा. त्याने घर बांधलं.

पुढे माझी बदली कट्ट्याला झाली आणि तिथे भीतीने मला धरलं. जवळ होतो तेव्हा ती नव्हती. लांबून मला तो बांध रात्रंदिवस दिसू लागला: कुजलेले खुंट, सैल झालेली माती, आणि अर्ध्यावर तोडलेलं ते गाऱ्हाणं. मी राखणदार मानत नव्हतो. पण भीती वाटायची ती त्याचीच. असं सांगायला लाज वाटते, पण खरं ते हेच.

मग मी प्रत्येक मोठ्या उधाणाला बहिणीकडे जाऊ लागलो. तिच्या अंगणात उभा राहून बांधाकडे बघत बसायचो. वर चढून जायचा मात्र धीर होत नसे. जवळून काय दिसेल याचं भय होतं. शेजारी हसायचे. ‘‘मास्तर इले मरे, फाल्यां आवस!’’ उद्या अमावास्या हे कळायला पंचांग काढायची गरजच नाही, म्हणायचे.

साठ सालानंतरच्या एका पावसाळ्यात मात्र कुणीच हसलं नाही. दोन दिवस समुद्रावरून वारा सुटला होता आणि तिसऱ्या दिवशी अमावास्या. मी पहिल्या गाडीने निघालो. पोचलो तेव्हा भरती निम्मी चढली होती. भावोजी बांधातलं दार, ज्याला उघाडी म्हणतात, ते घट्ट बसलंय का बघायला गेले होते. बहीण पडवीत भात पाखडत होती.

‘‘इलंस? बस. चाय टाकतंय.’’

‘‘चहा कसला? सामान बांध. मुलीला घे. वर दिरांकडे चल.’’

‘‘कित्याक? बांध फुटाक तुझीच वाट बघता काय?’’

तिची मुलगी दाराआडून माझ्याकडे बघत होती. मी हात पुढे केला तशी ती आईच्या लुगड्यात शिरली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. माझे कान पाण्याकडे होते. दर लाटेचा धप्प असा आवाज जमिनीतून पायाला लागत होता.

शेवटी अंगणात राहवेना म्हणून मी बांधावर चढलो. पाणी माथ्याखाली हातभर राहिलं होतं. खाडी नेहमीची राहिलीच नव्हती. पलीकडचा काठ दिसत नव्हता, नुसतं तपकिरी पाणी अंगावर येत होतं. भेंडाची झाडं वाऱ्याने वाकत होती. आणि मग आतल्या बाजूला, बहिणीच्या घराच्या अगदी समोर, मला पाण्याची एक धार दिसली. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पाडलेल्या बिळातून ती येत होती. स्वच्छ पाणी झिरपलं तर चालतं. ही धार गढूळ होती. बांधाची माती तिच्याबरोबर चालली होती.

मी नुसता ओरडलो. बहीण धावत आली, बघितलं, परत फिरली आणि पेंढा घेऊन आली.

‘‘हयसून बुजवन उपेग नाय. भायलं तोंड गावाक व्हया. तू उतर, माका पोहता येना नाय.’’

मलाही धड येत नव्हतं. पण मी खाडीच्या अंगाने खाली सरकलो. एका भेंडाला मिठी मारली आणि बिळाचं बाहेरचं तोंड पायाने चाचपू लागलो. लाट छातीवर आली, तोंडात खारट पाणी गेलं. पाय घसरला आणि मी पाण्याखाली हाताला येईल ते धरलं. मुळं होती. मनगटाएवढी जाड, एका झाडाची दुसऱ्यात गेलेली, दुसऱ्याची तिसऱ्यात. मी माती शोधत होतो आणि हाताला सगळीकडे मुळंच लागत होती. त्यांच्या मधे माती मुठीत धरावी तशी धरलेली होती.

ही झाडं रांगेत का आहेत, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं अंगणातून मी त्यांचे शेंडे बघत होतो. मला वाटायचं, खुंट कुजले आणि मागाहून कुणीतरी झाडं लावली. ते आमचेच ओले खुंट होते. सुकं लाकूड मिळालं असतं तर त्याला मुळं, पालवी कधीच फुटली नसती, एव्हाना ते खाडीला गेलं असतं.

दोन मुळांच्या बेचक्यात बिळाचं तोंड लागलं. वरून बहीण पेंढ्याचे बोळे आणि चिखल देत गेली, मी पायाने आत कोंबत गेलो. दात वाजत होते. त्या भयात मी बोलून गेलो, ‘‘मी तेव्हा कोंबडा द्यायला हवा होता.’’

‘‘कसलो कोंबो?’’

‘‘राखणदाराचा. मी अडवला होता ना.’’

ती हात थांबवून त्या वाऱ्यापावसात हसायला लागली. ‘‘अरे, तो तुझ्या पाठसून दुसऱ्याच दिवशी दिलो! सासऱ्यांनीच सांगल्यानी माका. वर्साक देतत. तू रागावतलंस म्हणान तुका कोणी सांगूक नाय. कोंब ता नीट!’’

धार हळूहळू बारीक झाली आणि थांबली. उघाडीकडून भावोजी आले, त्यांनी मला वर ओढून घेतलं. आम्ही तिघं भिजत उभे राहिलो. पाणी माथ्यापाशी येऊन तिथेच घुटमळलं, आणि मग मुळांवरचा एक ओला पट्टा उघडा पडला. भरती फिरली होती.

बांध राहिला होता. राखणदाराचं देणं चुकतं झालं होतं. खुंट कुजले नव्हते. भिण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तरी घरात येऊन पेज घेताना मी दर घोटाला उठून दारातून बांधाकडे बघून येत होतो.

बहिणीने ते बघितलं. मुलीला आत पाठवून ती माझ्यापाशी बसली.

‘‘दादा, एक सांगू? रागाव नको. तू उधानाक येव नको.’’

‘‘का?’’

‘‘ह्या पोरीक पाण्याची भीती नाय, तुझी आसा. तू दारात दिसलंस की विचारता, मामा इलो, आता पाणी येतला? रातभर झोपना नाय. माका पण मगे झोप येना नाय.’’ मग म्हणाली, ‘‘चवथीक ये. शिमग्याक ये. नारळ घेवन ये, हसत ये.’’

पाण्यापासून वाचवायला म्हणून मी त्या घरात वर्षानुवर्षं भीतीच नेऊन पोचवत होतो. बांधाला बीळ पडलं तर ते बुजवायला ती दोघं तिथे होतीच, मी नसलो तरी. मी तिला शब्द दिला.

पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाला मी गेलो नाही. लिहायला सोपं आहे. वारा फार नव्हता, पण भरतीच्या वेळेला मी पाढे सांगता सांगता थांबलो आणि पुढचा आकडा मला आठवेना. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच मिटला. शाळा सुटल्यावर बाजारात गेलो, उगाच गाडीच्या थांब्याजवळ घुटमळलो. खाडीकडून कालवं, तिसरे असे शिंपले विकायला येणारी बाई उतरली. ती बहिणीच्या शेजारची. मी तिला काही विचारणार नाही असं ठरवलं होतं आणि विचारलंही नाही.

तिने पाटी खाली ठेवली, चुंबळ झटकली.

‘‘मास्तरानू, तुमच्या भयणीन सांगल्यान,’’ ती म्हणाली, ‘‘बांध आसा. जेवा म्हणान.’’