माझ्या रेडिओतला व्हॉल्व्ह

माझ्या मेहुण्यांइतक्या निर्धास्तपणे दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू खोलणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी माझी अंबाबाईला प्रार्थना आहे. बायकोचे हे थोरले बंधू कबनूरला यंत्रमाग दुरुस्त करत. मागाचं दुखणं कळावं म्हणून ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मागाला टेकवत आणि मूठ दातांत धरत. आमच्याकडे आले की हाच प्रयोग शिलाई मशीनवर, घड्याळावर, एकदा तर उकळत्या आमटीच्या पातेल्यावर. "दाजी, आवाज हवेत न्हाय, वस्तूत असतोय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मी कचेरीतला साधा कारकून. मला आपले कान पुरतात.

एका रविवारी मटण घेऊन घरी येतो तर माझा रेडिओ पालथा! आतला एक व्हॉल्व्ह गायब, आणि तबकड्या वाजवायच्या यंत्रातला सुईमागचा स्फटिकही. मी संतापलो तर म्हणाले, "उसना घेतलाय की!" तो स्फटिक म्हणे वस्तूला चिकटवायचा मायक्रोफोन होणार होता, आणि त्याची कुजबुज मोठी करायला बिस्किटांच्या डब्यात माझा व्हॉल्व्ह बसणार होता. डबा नुसता घूं करू लागला. मग अर्थिंग हवं म्हणून यांनी तुळशीच्या बुडाशी सळई ठोकली आणि तिथं रोज मिठाचं पाणी ओतलं. आठवड्यात तुळस वाळली. तिथं मी ओला टॉवेल टाकला तर घर डोक्यावर घेणारी माझी बायको म्हणाली, "दादाचं कायतरी मोठं चाललंय." याला न्याय म्हणतात का?

हे सगळं माझ्या वडिलांसाठी होतं. आबा भजनी मंडळात तंबोरा धरत. कान गेले, तारा उतरू लागल्या, तसा मंडळानं गोड बोलून तंबोरा दुसऱ्याच्या हाती दिला. तेव्हापासून आबा कोपऱ्यात बसून असत, कुणाशी बोलत नसत. मेहुण्यांनी घरातल्या जुन्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर मेणानं स्फटिक चिकटवला. बघायला मंडळ लोटलं. जो तो त्या स्फटिकापुढं तोंड नेऊन "हॅलो, हॅलो" ओरडला, एकानं फुंकरही मारली. डब्याला जोडलेले हेडफोन एकानं कानांना लावले होते, पण डबा ढिम्म. "पावणं, हे मुकं हाय की!" मंडळाचे बुवा म्हणाले.

"त्येच्याशी बोलून काय उपेग? तार छेडा," असं म्हणत मेहुण्यांनी तेच हेडफोन आबांच्या कानांवर चढवले.

आबांनी तार छेडली आणि ते थबकले. मग आमच्यावर खेकसले, "जोडाच्या तारा उतरल्यात! मला कुणी सांगितलं का न्हाय?"

मंडळ माना खाली घालून बसलं. मीही. मला सगळं ठाऊक होतं आणि मी दोन वर्षं गप्प राहिलो होतो, याची लाज वाटली. आबांनी खुंट्या पिळून तंबोरा लावला. पुढं रोज सकाळी ते त्या वाळक्या तुळशीपाशी बसून वाजवत, कारण वायर तेवढीच लांब होती. मुक्या रेडिओबद्दल मी गावभर बोंब मारली, पण व्हॉल्व्ह काही परत मागितला नाही.

आबा गेले. चौदाव्याचं जेवण उरकल्यावर मेहुण्यांनी न विचारता डबा उघडला आणि व्हॉल्व्ह रेडिओत बसवला.

"घ्या दाजी, तुमची वस्तू."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी इतका ओरडलो की बायको धावत बाहेर आली. मेहुण्यांवर एवढा मी कधीच चिडलो नव्हतो.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तंबोऱ्याला टेकवलं, मूठ दातांत धरली आणि तार छेडली.

"जरा उतरलाय," ते म्हणाले, "पर आबांनी लावलेला सूर हाय अजून."

मग मूठ धोतराला पुसून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढं केला. मी तो दातांत धरला.