कळसच्या माळावरून दिलेली हाळी

या ग्रुपवरचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि खरं सांगायचं तर बरेचदा मनातल्या मनात हसते. राग मानू नका. मी बारामतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या नळ्या आणि मशीन. रिपोर्ट हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय घरीसुद्धा सुटत नाही. माहेरी पणदऱ्याला कुणाच्या अंगात आलं की मी बीपीचं मशीन शोधायला निघायचे, आणि आई मला डोळ्यांनी दाबायची. तर अशा बाईने हे लिहावं हे मलाच विचित्र वाटतंय… पण घडलंय माझ्याच बाबतीत. माझ्याच तोंडून घडलंय म्हणा ना.

सासर कळस, तालुका इंदापूर. घर गावाच्या जरा बाहेर. पुढे डाळिंबाची बाग, मागे फॉरेस्टचा मोकळा माळ, थेट नजर पोचेल तिथपर्यंत. घरात सासरे, त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. मी. आणि माझे मिस्टर, संतोष… ते जहाजावर फिटर होते. वेल्डिंग शिकले तेव्हा वाटलं होतं साखर कारखान्यात चिकटतील. गेले मालवाहू बोटीवर. पोहायला विहिरीत शिकलेला माणूस! आबांना मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. "मेंढराच्या घरचं पोरगं, फिरणारच. आमी कोकणापतूर जायचो, ह्यो त्याच्या फुडं गेला," एवढंच म्हणाले.

आबांनी मेंढरं विकून बरीच वर्षं झाली. पण हाळी राहिली होती. हाळी म्हणजे लांबून हाक. त्यांच्यात प्रत्येक घराची हाळी वेगळी असते, बापाकडून लेकाकडे येते, आणि पाण्यावर दहा कळप मिसळले तरी ज्याच्या त्याच्या हाळीला ज्याची त्याची मेंढरं सुटून येतात. आमच्या घरची हाळी अशी: आधी लांबच लांब "ओऽऽ होऽऽ", मग दोनदा "हुर्र्याऽऽ", आणि शेवटी जीभ टाळ्याला लावून वळवलेला एक आवाज, टर्रर्र असा काहीतरी, जो लिहिता येत नाही. मिस्टर सुट्टीवर आले की आबा बागेच्या टोकावरून त्यांना जेवायला बोलवायचे ते याच हाळीने. मोबाईल खिशात असायचा दोघांच्याही.

मिस्टरांची बोट आफ्रिकेच्या बाजूला होती तेव्हा चाच्यांनी पकडली. मला त्यांच्या बोटीच्या कंपनीच्या ऑफिसमधल्या माणसाने फोनवर सांगितलं, तर मी म्हणाले, चाचे? आजच्या काळात? मग काही महिने असेच गेले. किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून बोट उभी, वर बंदूकवाले, आत आमची माणसं. अधूनमधून फोन द्यायचे. मिस्टर भराभरा बोलायचे, तब्येत बरी आहे, आबांना सांग, आणि हसत विचारायचे, "पणदऱ्याची म्हैस काय म्हणते?" म्हणजे मी. माहेरी आमचा दुधाचा धंदा, लग्नानंतर एकदा त्यांनी मला गोठ्यात म्हशींना बोलावताना ऐकलं होतं, तेव्हापासून हे चालू. मी रागवायचे. आता वाटतं…जाऊ द्या.

एक दिवस पुन्हा ऑफिसचा फोन. वादळात नांगराची साखळी तुटली, बोट बुडाली. काही माणसं सापडली, काही एका तराफ्यावर चढताना बाकीच्यांनी पाहिली, तो तराफा कुठे गेला ते माहीत नाही. मिस्टर त्या तराफ्यावर होते. शोध चालू आहे, म्हणाले.

त्याच दिवशी ऊन उतरायला लागल्यावर आबा उठले, धोतर सावरलं आणि माळावर गेले. थोड्या वेळाने हाळी ऐकू आली. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मी मागे पळाले. रिकाम्या माळाकडे तोंड करून म्हातारा मेंढरांना बोलवतो तसं बोलवत उभा. लांब चिंकारा चरत होते, ते मान वर करून बघायचे आणि उड्या मारत सुटायचे.

"आबा, काय करताय हे?" मी म्हणाले.

"मेंढरू चुकलं तर काय करत्यात?"

"ते मेंढरू नाही, आबा. आणि हा समुद्र नाही."

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "मेंढरू चुकलं म्हंजी मेलं असं म्हणायचं न्हाय. एक तर त्याची ओ येती, न्हाय तर त्याचं मढं घावतं. तवर हाळी सोडायची न्हाय. तू जा घरी."

रोज जायचे. गावात कुजबुज सुरू झाली ती मला लॅबमध्येसुद्धा ऐकू यायची. मी रजा टाकली. मग आबांचा आवाज बसला. बसला म्हणजे पारच गेला, नुसती हवा. त्यांना बारामतीला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरने घशात बघून सांगितलं, एक शब्द बोलायचा नाही. येताना गाडीत ते माझ्याकडे बघत राहिले. घरी आल्यावर त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि माळाकडे बोट केलं.

बायका हाळी देत नाहीत. त्यातून मी पणदऱ्याची. आत्याच म्हणाल्या, "जा गं बाई. दुसरं हाय कोण आता?"

मी गेले ते आबांचं मन राखायला, हे स्पष्ट सांगते. विश्वास वगैरे काही नव्हता. लाज मात्र फार वाटली. पहिल्या दिवशी तोंडातून आवाजच फुटेना. "ओऽऽ होऽऽ" जमलं. "हुर्र्या" जमलं. पण ती जीभ काही वळेना! आबा शेजारी उभे राहून तोंड उघडून जीभ दाखवायचे, मी करायचे, नुसती थुंकी उडायची. आणि मग सवयीने म्हणा, हाक अर्धी तोडवेना म्हणून म्हणा, मी शेवटी लहानपणापासून जे म्हणत आले तेच म्हणून टाकलं… "ये गं बाऽऽय, येऽऽ". आमच्या गोठ्यातलं. म्हशींचं.

आबांनी कपाळावर हात मारला. रोज मारायचे. रोज जीभ दाखवायचे. रोज माझ्या तोंडून हाळीच्या शेपटाला म्हैसच यायची. घरी आत्यांनी ऐकलं तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता रडायला लागल्या.

मधल्या काळात शोध थांबवल्याचं ऑफिसने कळवलं. पणदऱ्याहून माझा दादा आला. वाईट माणूस नाही तो, माझ्यासाठीच जीव तुटत होता त्याचा. अंगणात बसून आबांना म्हणाला, "आबा, देह मिळत नसला तर दर्भाचा पुतळा करून विधी करतात. किती दिवस हिला असं ना इकडची ना तिकडची ठेवायची?"

आबांना बोलायला मनाई होती. त्यांनी मान हलवली, नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? गळ्यात मंगळसूत्र होतं, ते ठेवायचं की काढायचं हे मला सांगणारा कुठलाही रिपोर्ट आलेला नव्हता. मी दादाला म्हणाले, मला थोडा वेळ दे. आणि उठून माळावर गेले, कारण ऊन उतरलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी आबांसाठी गेले नाही, माझ्यासाठी गेले. आबा मागून हळूहळू आले.

वारं पूर्ण पडलं होतं. चिंकारा चरत होते. मी हाळी दिली. ते सगळे मान वर करून माझ्याकडे बघायला लागले. मी पुन्हा दिली, पोटातून, शेवटी तेच, ये गं बाय ये. थांबले.

आणि ओ आली.

"आलोऽऽ…"

मावळतीच्या बाजूने. लांबून, पण स्वच्छ. मिस्टर बाथरूममधून किंवा बागेतून जसं म्हणायचे तसंच, 'लो' जरा ओढून, थोडंसं वैतागून. कुणी गुराखी असेल म्हणून मी सगळीकडे पाहिलं. माणूस नाही, झाड नाही. सपाट माळावर प्रतिध्वनी यायला काही नाही, आणि प्रतिध्वनी आलाच असता तर माझेच शब्द आले असते. चिंकारा परत खाली मान घालून चरत होते. माझ्या हाकेला बुजणारी ती जनावरं, त्या आवाजाला एकानेही कान हलवला नाही.

मी आबांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्यांनी ऐकलं होतं. त्या बसलेल्या आवाजात ते म्हणाले, "बास. आता द्यायची न्हाय."

"का? आत्ता तर आवाज आला…"

"ओ आल्यावर फिरून हाळी दिली की जनावर थबकतं. परत आइकाया हुबं ऱ्हातं. येऊ द्यायचं त्याला आता."

घरी येऊन त्यांनी अंगणाचं लोखंडी फाटक उघडलं आणि दगड लावून ठेवलं. त्यानंतर ते रात्रंदिवस उघडंच. कुत्री आत यायची, आत्या करवादायच्या, पण लावायची कुणाची टाप नव्हती. मी त्या दिवशी भाकरी जास्तीची केली, हे पण सांगून टाकते. दादा आला तसा परत गेला. विधी केला नाही.

पुढे ऑफिसने कळवलं की तराफ्यावरचा एकजण जिवंत सापडलाय, रत्नागिरीकडचा इक्बाल म्हणून खलाशी, परदेशात दवाखान्यात आहे, बोलण्याच्या स्थितीत नाही. मिस्टरांचं काही कळत नव्हतं. आम्ही थांबलो. थांबायला आम्ही आता सरावलो होतो.

इक्बालभाई बरे होऊन गावी आल्यावर स्वतः कळसला आले. एसटीतून उतरून चालत आले, उघड्या फाटकातून आत. वाळलेला माणूस, हात कोपरापर्यंत भाजल्यासारखे. आत्यांनी पाणी दिलं. त्यांनी आधी आबांचे पाय धरले आणि तिथेच आम्हाला कळायचं ते कळलं.

"शेवटी आम्ही दोघंच उरलो होतो," ते सांगायला लागले. "मला एका बाजूला काळी रेघ दिसली. मी म्हणालो जमीन आहे, उडी मारतो. संतोषने मला धरून ठेवला. म्हणाला, तिकडे नाही, आवाज उगवतीकडून येतोय. मला वाटलं याचं डोकं फिरलं. मग मला पण ऐकू आलं. ऊन उतरलं की रोज यायचं. आधी म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. तो बंद झाला आणि मग बाईचा यायला लागला. आम्ही हातांनी पाणी मारत त्या बाजूला जायचो. ती काळी रेघ नंतर ढगासारखी विरून गेली. उडी मारली असती तर मी आज इथे नसतो."

मीच विचारलं, "कसला आवाज?"

त्यांनी आबांकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. आणि अंगणात बसल्या बसल्या बारीक आवाजात हाळी दिली. ओ हो. हुर्र्या, हुर्र्या. आणि शेवटी… ये गं बाय, ये.

आबांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"हे शेवटचं तुम्हाला संतोषनी शिकवलं होतं का? माझ्या माहेरच्या म्हशींचं काही बोलले होते?" मी लॅबमध्ये विचारते तसं विचारत होते, आवाज कोरडा ठेवून.

"नाही हो, वहिनी. मला वाटलं तुमच्याकडे अशीच असते हाळी. पण बाईचा आवाज पहिल्यांदा आला ना, तेव्हा तो हसला. ओठ फुटले होते, हसताना रक्त आलं, तरी हसला. म्हणाला, 'आबांचा आवाज बसला वाटतं. ही माझी बायको. हिला जीभ वळवता येत नाही.'"

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. एक दिवस ऊन उतरल्यावर हाळी आली तेव्हा मिस्टर गुडघ्यावर उठले, दोन्ही हात तोंडाला लावले आणि "आलो" म्हणून ओरडले. त्यानंतर बोलले नाहीत. दिवस मावळताना गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मासेमारीच्या गलबताने इक्बालभाईंना उचललं. मिस्टरांना त्यांनी तिथेच पाण्यात सोडलं, दुआ पढून.

इक्बालभाई जायला निघाले तेव्हा आबा त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले. परत येताना त्यांनी दगड बाजूला केला आणि फाटक लावलं. मला म्हणाले, "दादाला फोन लाव तुझ्या. भटजीला सांगाय पायजे."

मी यावर सगळ्या बाजूंनी विचार केलाय. तहानेने भास होतात, मला माहीत आहे, त्यावर मीच कुणालाही लेक्चर देईन. दोघांना एकच भास होऊ शकतो, हेही धरून चालू. मी आणि आबांनी माळावर जे ऐकलं ते आमच्या मनाचं, असंही म्हणा. पण आबांचा आवाज गेला हे अरबी समुद्रातल्या माणसाला कुणी सांगितलं? ती म्हैस तिथवर कशी पोचली? कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, वाद घालणार नाही.

एकच सारखं मनात येतं. आबा रोज कपाळावर हात मारायचे, आणि मी रोज रात्री चुलीपाशी बसून ती जीभ वळवायचा प्रयत्न करायचे, उद्या तरी नीट जमावी म्हणून. नाही जमली ते किती बरं झालं. नीट जमली असती तर मिस्टरांना वाटलं असतं, घरचंच कुणीतरी बोलावतंय. मी बोलावतेय हे त्यांना कळलंच नसतं.