काठावरची खूण

कळमनुरीच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. परवा सातवीच्या धड्यात होडी आली आणि तिच्यामागे शब्दांची पलटणच आली. आपलं एका वल्ह्यावर सगळं भागतं. इंग्रजांचं तसं नाही. होडीला अडकवलेलं वल्हं ते ओअर, हातात सुटं धरलेलं ते पॅडल, आणि एकट्यानेच दोन हातांत दोन घेऊन मारायची ती स्कल. पॅडलवाला तोंड पुढे करून बसतो, ओअरवाला मात्र जायचं तिकडे पाठ करून. हे मी फळ्यावर चित्र काढून मोठ्या ऐटीत सांगितलं.

"मॅडम, मंग त्याला दिसतं कसं? होडी वाकडी न्हाई जात?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

आली का पंचाईत! "उद्या सांगते," म्हटलं. शब्दकोशात अर्थ होते, याचं उत्तर नव्हतं. उत्तर कुठे आहे ते मला ठाऊक होतं. माझ्या वडिलांचा जन्म धरणात मासे धरण्यात गेला, असंच उलटं बसून वल्ही मारत. आणि मी कॉलेजपासून प्रत्येक फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'शेती' लिहीत आले. गुंठाभर जमीन नाही आमची. लाज वाटायची, दुसरं काय!

संध्याकाळी गावी गेले. बाबा अंगणात जाळं सांधत होते. प्रश्न ऐकून हसले.

"तुला काहून पाहिजे हे?"

"शाळेत सांगायचंय."

ते बाजेवर बसले, दोन काठ्या घेतल्या आणि ओढून दाखवू लागले. "मधून मधून मान वळवून पुढं पाहायचं. पण निघालो त्या काठावरची एक खूण धरायची. ती बराबर समोर राहिली की होडी सरळ चालून राहिली समजायचं."

"कसली खूण? झाड?"

"कोणी झाड धरतं. तू ल्हान होतीस तवा रोज सकाळी काठावर उभी राहायचीस, लाल फ्रॉक घालून. मी तुलाच धरायचो."

बाबांनी काठ्या खाली ठेवल्या. "लेकरांनी इचारलं, हे कोणं सांगितलं, तर काय सांगशील?"

ते सहज बोलले की त्यांना फॉर्मवरचं सगळं ठाऊक होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने विचारलंच.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणाले. "ते धरणात मासे धरतात."

मग फळ्यावर पुन्हा होडी काढली, आणि वल्ही मारणाऱ्याच्या बराबर समोर, काठावर, फ्रॉक घातलेली एक पोरगी.