काळजी करू नका, लगेच या

काशिनाथच्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि तो मला चहा मागत होता.

“शिष्टर, घोटभर तरी द्या.”

“ऑपरेशन आहे. काही मिळणार नाही.”

“मंग बिडी?”

“गप पड.”

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं काम चालू होतं. आमची कंपनी छोटी, ठेकेदाराच्या हाताखालची ठेकेदार. बोईसर स्टेशनजवळच्या यार्डात वॅगनमधून जड माल उतरवायचा, एवढंच आमचं काम. तिथल्या पत्र्याच्या दवाखान्यात मी नर्स होते. दोन कॉट, एक स्टोव्ह आणि मी.

माल उतरवणारे ते खलाशी. इथला खलाशी बोटीवरचा नव्हे. दोर, साखळी आणि कप्पी लावून जी माणसं टनावारी वजन उचलून जागेवर ठेवतात, त्यांना साइटवर खलाशी म्हणतात. काशिनाथ मात्र दोन्ही अर्थांनी खलाशी होता. सातपाटीचा कोळी. भावाची होडी सोडून रोजाच्या पगारासाठी इकडे आलेला. त्या सकाळी लोखंडी पाइप घरंगळला आणि याच्या पायावर आला.

डॉक्टर पालघरहून आले, जखम धुतली, फळी बांधली आणि म्हणाले, “आजच्या आज मुंबईला हलवा. रक्तवाहिनीला धक्का लागलेला दिसतोय. बोटांवर लक्ष ठेवा.”

बोटांवर लक्ष ठेवायचं म्हणजे काय, ते सांगते. पायाच्या अंगठ्याचं नख दाबायचं. ते पांढरं पडतं. सोडलं की लाली परत यायला हवी. पटकन आली तर खाली रक्त पोचतंय. उशिरा आली तर पायाची घटका भरत चालली. या परीक्षेला यंत्र लागत नाही, पण ती खोटंही बोलत नाही.

अडचण अशी, की मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी घरच्यांची सही किंवा अंगठा लागणार होता. आणि काशिनाथ तर अडूनच बसला.

“जमना आन् दादा आल्याबिगर मी हलनार नाय. तिकडं नेऊन माजा पाय कापतील.”

जमना त्याची बायको. दादा म्हणजे थोरला भाऊ, गंगाराम.

आमचे लेबर ऑफिसर दातारसाहेब भला माणूस. कुणाला दुखवायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला, बलबीरला, बोलावलं आणि निरोप तयार केला. त्याला मराठी जेमतेम यायचं, म्हणून दोनदा घोकून घेतला.

“काळजी करू नका. काशिनाथला जरा बरं नाही. लगेच या आणि घरची मोठी माणसं सोबत आणा.”

मी विचारलं, “पाय मोडलाय हे नको का सांगायला?”

“नको हो सिस्टर. ऑपरेशन, फ्रॅक्चर असले शब्द ऐकून ती बाई हातपाय गाळेल. गोड बोलून इथवर आणू, मग समजावू.” बलबीरला त्यांनी बजावलं, “कोई कुछ भी पूछे, इससे ज्यादा एक शब्द नहीं बोलना.”

मला ते पटलं. सुशिक्षित माणसाचा निरोप असाच असतो, असंही वाटलं.

बलबीर निघाला. सातपाटी काही परदेशात नाही. जेवणवेळेपर्यंत माणसं येतील, असा माझा हिशोब. कुणी आलं नाही. बलबीर वाटेत पालघरहून सामान घेऊन दुपारी परतला, तो एकटाच.

“माणसं कुठायत?”

“आ रहे हैं सिस्टर. बोला, नाव आने दो, फिर सब साथ में आएंगे.”

“नाव? कसली नाव? अरे, बायकोला तरी आणायची जीपमध्ये!”

“मैंने बोला, चलो. वो एकदम नीचे बैठ गई. एक बुड्ढे ने पूछा, बोलता है क्या वो? साहब ने मना किया था, तो मैं चुप रहा.”

माझं डोकं तापलं. गंगारामची होडी समुद्रावर होती हे समजण्यासारखं होतं. भरती लागल्याशिवाय होड्या खाडीत शिरत नाहीत, हेही मला ठाऊक होतं. पण इथे माणूस तळमळतोय आणि यांना सगळे जमल्यावर वरात काढायचीय! कसली दगडाच्या काळजाची माणसं म्हणून मी दातारसाहेबांसमोर तोंडसुख घेतलं.

काशिनाथ आता चहा मागत नव्हता. मी नख दाबत होते. लाली येत होती, पण रेंगाळत. मग फारच रेंगाळत. पाऊल गार लागायला लागलं. दातारसाहेबांना म्हटलं, आता सही नको आणि बिही नको, जीप काढा. बलबीर जीप मागे घेत होता, तेवढ्यात फाटकातून ट्रक आत आला.

मासळीचा ट्रक. मागे तीसेक माणसं उभी. एवढी माणसं आणि आवाज कुणाचाच नाही. पुरुष उतरले. एकाच्या हातात कोरं पांढरं कापड, एकाच्या काखेत नवी चटई. पानात बांधलेली फुलं. मी बघतच राहिले.

गंगाराम पुढे आला. डोळे लाल. हात जोडून म्हणाला, “बाय, कुठं ठेवलाय त्याला?”

माझ्या तोंडून निघालं, “आत कॉटवर. सकाळपासून चहा मागत होता.”

गंगाराम तिथेच मटकन खाली बसला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. एक म्हातारी किंचाळली. कुणी हसलं, कुणी रडलं, कुणी ती फुलं फेकून दिली. बायकांनी जमनाला ट्रकमधून उतरवलं. कपाळावरचं कुंकू पुसून पसरलेलं. उजवा हात मोकळा, त्यावर काचेचे ओरखडे. डाव्या हातात बांगड्या होत्या. जावेनं तो हात धरून ठेवला होता म्हणे, आधी बघू या म्हणून.

ती दारात आली. काशिनाथनं मान वळवली आणि तिच्या हाताकडे पाहिलं.

“जमने, तुज्या बांगड्या?”

ती त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली, डोळे, नाक, ओठ, परत डोळे. नर्सच्या नोकरीत मी बरंच पाहिलं होतं, पण जिवंत नवऱ्याला असं चाचपणारी बायको पाहिली नव्हती.

दातारसाहेब पांढरेफटक पडले. “अहो, मी तर तुम्ही घाबरू नये म्हणून…”

गंगाराम शांतपणे म्हणाला, “साहेब, आमच्याकडं मेल्या मानसाचा निरोप असाच देतात. बरं नाय, काळजी नको, मोठ्यांना घेऊन या. तुमच्याकडं कसा देतात?”

आमच्या वाईलाही असाच देतात. माझ्या मामाच्या वेळी “जरा जास्त आहे” एवढंच कळवलं होतं आणि आई सुतकाची तयारी करूनच निघाली होती. हे मला सकाळी का सुचलं नाही, देव जाणे.

मोडक्या पायासाठी जमना अनवाणी धावत आली असती. पण मयतासाठी घाई करत नाहीत. मयताला खांदा द्यायला सगळी भावकी लागते, म्हणून ती माणसं भरतीची वाट बघत बसली. सकाळी मुंबईला निघायचा पाय संध्याकाळी निघाला.

जमनानं अंगठा दिला. मुंबईच्या डॉक्टरांनी पाऊल पाहून एवढंच विचारलं, “दिवसभर काय करत होतात?” पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

काशिनाथ पुढे घरीच जाळी विणायला लागला. कंपनीनं दुःख व्यक्त केलं. तेही सौम्य शब्दांत.

काही महिन्यांनी जमना मला पालघरच्या बाजारात मासळी विकताना दिसली. दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले. मला तोंड चुकवायचं होतं, पण तिनंच हाक मारली.

“बाय, रागावली नाय मी. पन ‘पाय मोडलाय, बोंबलतो हाय’ असं सांगितलं असतंत ना, तर दुपारच्या आत पोचली असती मी. दोन पायांचा नवरा असता माजा.”

तिनं बळेच दोन पापलेटं पिशवीत घातली.

पुढे मी अनेक साइटवर नोकरी केली आणि बरेच वाईट निरोप पाठवले. साहेब लोक मला तुसडी म्हणायचे. म्हणोत. माझ्या निरोपातलं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: “माणूस जिवंत आहे.” आणि ज्या दिवशी ते लिहिता येत नसे, त्या दिवशी निरोप न पाठवता मी स्वतः जात असे.