लख्ख पुसलेली नळी

दम्याच्या मुलांवरच्या त्या अभ्यासात डॉक्टर होते, आकडेमोड करणारे होते. पण चाळीस घरांचे उंबरे झिजवणाऱ्या एकट्या सिस्टरच. नोकरीची तीस वर्षं झालेली, जीभ तिखट, आणि चार वर्षांच्या हट्टी पोरालाही पंप घ्यायला लावण्यात हातखंडा. औषधाचा फवारा प्लास्टिकच्या जाड नळीत सोडायचा आणि मुलाने मास्क लावून त्यातून सावकाश श्वास घ्यायचा, एवढंच ते काम. भल्याभल्यांना ते जमत नाही.

एक सहा वर्षांची मुलगी मात्र काही केल्या सुधारेना. चार पावलं पळाली की छाती घरघरायची.

बैठकीत डॉक्टर म्हणाले, "आई औषध देतच नाहीये. काढा तिला अभ्यासातून."

"पंपावरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा रोज उतरतोय, साहेब," सिस्टर म्हणाल्या.

"हवेत उडवत असेल."

सिस्टरांचं डोकंच फिरलं. लेकीसाठी घरातले पडदे, गालिचे काढून टाकणारी बाई औषध हवेत उडवेल? त्या तडक तिच्या घरी गेल्या, डॉक्टरांचा संशय तिच्या कानावर घातला आणि ठाण मांडून बसल्या.

संध्याकाळी आईने सगळं तंतोतंत केलं. फवारा, मोजून दहा श्वास, वर चूळही भरायला लावली. सिस्टरांना नाव ठेवायला जागा मिळेना. मग आईने नळी धुतली आणि कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून खसाखसा पुसली. फडक्याचा एक बारीक धागा उडून नळीच्या आत चिकटला. आईने फुंकर मारली, नळी आपटली, धागा हलेना.

सिस्टर बघतच राहिल्या. घासून घासून प्लास्टिक केसांत फिरवलेल्या कंगव्यासारखं धागा ओढून धरत असेल, तर औषधाचे कण तरी कुठे सुटणार? ते नळीलाच बसत होते. मुलीच्या छातीत जेमतेम जात होते.

"पुसायला कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच की, सिस्टर. नळी लख्ख हवी म्हणालात."

म्हणाल्या होत्या खऱ्या! चाळीसही घरांत. ज्या आईने कंटाळा केला, तिची नळी ओट्यावर आपसूक वाळली आणि तिचं मूल हुंदडत होतं. जी जीव ओतून घासत होती, तिचंच मूल धापा टाकत होतं.

गुपचूप सूचना बदलली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण सिस्टर भर बैठकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आई रोज औषध देते. चूक माझी आहे, नळी घासून पुसायला मी सांगितलं. तपासून बघा." डॉक्टरांनी पुसलेल्या आणि न पुसलेल्या नळीतून किती औषध बाहेर येतं ते मोजलं आणि मुलीचं नाव अभ्यासात कायम ठेवलं. मग सिस्टर पुन्हा चाळीस घरं फिरल्या. "साबणाच्या पाण्यातून काढा, तशीच निथळू द्या. मी चुकीचं शिकवलं होतं." दर दारात हेच. तीस वर्षांच्या नोकरीनंतर हे म्हणायला मोठं मन लागतं, आणि ते त्यांच्याकडे होतं.

महिन्याभराने त्या मुलीची घरघर थांबली. आई तिला तपासणीला घेऊन आली. पण तिने आधी तपासणीचे आकडे विचारले नाहीत.

"सिस्टर, मी रोज देत होते, हे डॉक्टरांना सांगितलंत का हो?"

"सगळ्यांसमोर सांगितलं, बाळा."

तेव्हा कुठे ती बाकावर बसली आणि पदराआड मनसोक्त रडली.