ठळककाकांची शिडी आणि डब्यामागची अक्षरं

ठळककाकांचं खरं नाव आठवायला त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागायचं. पन्नास वर्षं हा माणूस दुकानांच्या पाट्या रंगवत आला, आणि गिऱ्हाइकाने काहीही सांगितलं तरी ह्याचं उत्तर ठरलेलं, "ठळक करू या." एका वकिलाने पाटीच्या कोपऱ्यात भेटीची वेळ बारीक लिहायला सांगितली होती. काकांनी ती एवढी दणदणीत रंगवली, की पुढे वर्षभर लोक त्या वकिलाला 'दहा ते पाच' म्हणूनच ओळखायचे. काकांचं म्हणणं साधं होतं. महत्त्वाचं ते माणूस मोठं लिहितो. बारीक लिहितो ते कुणी वाचू नये म्हणून.

पाट्यांच्या धंद्यात हे कधी अंगाशी आलं नाही. औषधाच्या बाबतीत मात्र आलं.

झालं असं, की अडुसष्टाव्या वर्षी काकांची झोप उडाली. सकाळी शिडीवर चढले की डोळे चुरचुरायचे आणि हातातला ब्रश आपल्या मर्जीने चालायचा. एक दिवस बायकोने त्यांना पाचव्या पायरीवर डुलताना पाहिलं. घरी आल्यावर पाण्याचा पेला हातात देत म्हणाली, "आणखी एकदा असे दिसलात ना, तर शिडी माळ्यावर जाईल. आणि ती खाली काढायला तुम्हाला दुसरी शिडी मिळायची नाही."

काका हसले, पण पेला तसाच खाली ठेवला. शिडी गेली म्हणजे जमिनीवर बसून डबे-पिंपांवर नावं घालायची. त्यांच्या उस्तादाने शेवटची वर्षं तशीच काढली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते जोडे बघत.

शेजारच्या शिंप्याला त्यांची दया आली. "अरे, डॉक्टर कशाला? झोपेची गोळी दुकानात सुटी मिळते. चिठ्ठीसुद्धा लागत नाही. चिठ्ठी लागत नाही म्हणजे काय? सरबतच समज!"

काका दुकानात गेले. औषधवाली बाई दुसऱ्या कुणाशी बोलत होती, तेव्हा काकांनी फळीवरचे डबे आपले आपणच न्याहाळले. कसे? तर अक्षरावरून! एकाचं अक्षर मरतुकडं, एकाची कड फाटलेली. एक मात्र झकास होता, गडद निळ्यावर पांढरंशुभ्र 'गाढ झोप'. हात बसलेला माणूस दिसतो, असं मनात म्हणत त्यांनी तो उचलला. थोडी सर्दीही झाली होती, आणि सर्दीच्या गोळ्यांचा नारिंगी डबा घरी होताच. जेवण झाल्यावर त्यांनी निळी घेतली, नारिंगी घेतली. दोन दुखणी, दोन डबे, हिशोब चोख.

सकाळी उठले तर डोक्यात ओला कापूस, जिभेवर सँडपेपर, आणि पोट तट्ट फुगलेलं असून न्हाणीघरात काही होईना. तरी आठला चष्म्याच्या दुकानावर शिडी लागली. सहाव्या पायरीवरून पाय पाचवी शोधायला निघाला आणि त्याला नुसती हवा सापडली. काका शिडीला मिठी मारून राहिले. रंगाच्या डब्याने मात्र तेवढा दम धरला नाही. तो खालच्या पांढऱ्या स्कूटरवर पालथा झाला. चष्मेवाला बाहेर आला, निळी स्कूटर पाहिली, स्वतःचा चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि म्हणाला, "काका, पाटी वर आहे."

ही बातमी काकांच्या आधी घरी पोचली. दारात बायको उभी, हातात दोर. शिडी बांधायला काढलेला.

"अगं, एकदाच पाय..."

"शिडीचं मग बघू. खिडकीत हा निळा डबा सापडलाय. आधी काय गिळलंत ते कळू दे."

घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोळ्या तिने पिशवीत भरल्या आणि नवऱ्याला पुढे घालून औषधवालीकडे नेलं. बाईने पिशवी फळीवर रिकामी केली. रक्तदाबाची गोळी, निळा डबा, नारिंगी डबा.

"काका, हे मागून वाचलंत का?"

"मागून कोण वाचतं? पाटीच्या मागे भिंत असते!"

बाईला हसू आवरेना. तिने खणातून भिंग काढलं, दोन्ही डबे उलटे केले आणि भिंग काकांच्या हातात दिलं. मुंगीएवढी अक्षरं. निळ्यावर एक लांबलचक नाव होतं. नारिंगीवरही तेच नाव.

"एकच औषध?" काका पुटपुटले.

"एकच. सर्दीच्या गोळीतही गुंगीचं तेच असतं. तुम्ही दुप्पट घेतलंत. आणि पासष्टीपुढे हे एकपटही नको. तोल जातो, डोकं जड राहतं, लघवी अडते."

शेवटचा शब्द ऐकताच काकांना समोरच्या टूथपेस्टच्या रांगेत फार रस वाटू लागला.

"सांगा की," बायको म्हणाली. "एरवी रात्री लघवीला चार-चार वेळा उठतात, आणि आज सकाळी दार लावून अर्धा तास आत."

"अगं!"

"अगं काय? त्या रोज हेच ऐकतात."

बाईचं हसू मावळलं. "आता होतेय?"

"दुपारपासून होतेय," काका टूथपेस्टला म्हणाले.

"पुन्हा अडली तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना. आणि काका, तुमची झोप उडालेली नाहीच. तुम्हाला उठवलं जातंय. ते का, हे उद्या डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी चहा किती?"

"दोन."

"किटल्या," बायको म्हणाली.

"चारनंतर बंद. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच ठेवा."

"आणि झोपेचं काय देता?" काकांनी विचारलं.

"काही नाही. धडधाकट माणसाला चार रात्रींपुरती देतेही, पण आणखी काय घेतोस ते विचारून. तुम्हाला नाही."

काकांनी भिंग खाली ठेवलं. "आणि... शिडी?"

बाईने बायकोकडे पाहिलं. बायको अजून हातातच असलेल्या दोराकडे पाहत होती. "डॉक्टर हो म्हणाले तर," ती म्हणाली. "आणि खाली मी उभी राहणार."

डॉक्टरांनी तपासलं, वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीत दुखण्याचं मूळ धरलं आणि त्यावर औषध दिलं. तिसऱ्या आठवड्यात काका रात्री एकदाच उठू लागले. सहाव्या आठवड्यात डॉक्टर शिडीला हो म्हणाले, आणि ती पहिली लागली ती औषधवालीच्या दुकानावर. पाटी काकांनीच मागून घेतली होती. हातभर अक्षरं निघाली, 'आणखी काय घेता ते सांगा. डबा उलटा करून वाचा.'

"अहो, दुकानाचं नाव?" शिडी धरून बायकोने खालून विचारलं.

"ते कोपऱ्यात, बारीक."

"बारीक? तुम्ही?"

काका उत्तर द्यायला गेले आणि नेमकी जांभई आली. शिडी गदगदा हलली. वाऱ्याने नव्हे.

"जेवणानंतरची आहे गं! सगळ्यांना येते!"

"दोन पायऱ्या खाली!"

काका मुकाट्याने दोन पायऱ्या खाली आले, आणि तिथून हात पोचेल तेवढं रंगवू लागले.