इनासभाऊंनी हात लावला नव्हता

हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणजे गोष्ट सगळ्यांना सांगितली आहे — कितीतरी वेळा, रंगवून, हातवारे करून — पण खरं काय झालं ते नाही. आणि परवा माझी जीभ घसरली नसती, तर पुढेही सांगितलं नसतं.

झालं असं, की विरारहून पुतण्याचा फोन आला. त्याचा घरचा कम्प्युटर म्हातारा झालाय, सुरू व्हायला चहा पिऊन होईल एवढा वेळ घेतो, आणि जो तो दुकानवाला नवाच घ्या म्हणतो. "काका, कोणी विश्वासातला आहे का हो? आतलं काही काढून न घेणारा?" मी पेपर चाळत होतो, लक्ष नव्हतं. लक्ष नसलं की माणूस खरं बोलतो. मी म्हणालो, "गासचे इनासभाऊ. त्यांच्यासारखा दुसरा नाही."

स्वयंपाकघरात उलथन्याचा आवाज थांबला. तिकडे पुतण्या हसला. "काय काका, थट्टा करता. इनास म्हणजे तुमच्या गोष्टीतला चोर ना?"

हो. माझ्या गोष्टीतला चोर. गोष्टीत मी त्यांना अरे-तुरे करतो.

आता सुरुवातीपासून सांगायला हवं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही वसईत फ्लॅट घेऊन सातेक वर्षं झाली होती. आमच्या सोसायटीत मोजक्या घरांत कम्प्युटर, त्यातला एक आमचा, तोही कोणाचा तरी वापरलेला. घेतला होता मंगलसाठी. मंगल म्हणजे माझी बायको. ती घरी मराठी टायपिंग करायची — प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, कुठल्या भजनी मंडळाचा अहवाल. माणिकपूरच्या दोन शाळांची कामं तर तिच्याकडेच असत. कम्प्युटर तिचा, कमाई तिची. त्याबद्दल चारचौघांत ज्ञान पाजळायचं काम तेवढं माझ्याकडे होतं. मला तो चालू करता यायचा. बंद करताना मी तिला हाक मारायचो.

तेव्हा दुरुस्तीवाल्यांची सगळ्यांना एक धास्ती असायची. कम्प्युटरचा डबा दुकानात न्यायचे, दोन दिवसांनी आणून द्यायचे, चालायचाही तो — पण आत काय राहिलं आणि काय गेलं, हे आपल्याला कसं कळणार? आपण झाकणाकडे बघणार आणि मान डोलावणार. म्हणून इनासभाऊ मिळाले तेव्हा आम्हाला घबाड मिळाल्यासारखं झालं होतं. वसईजवळच्या गास गावातल्या वाडीवाल्या घरातला माणूस, माझ्याच वयाचा. आधी टीव्ही दुरुस्त करायचे, मग शिकवणी लावून कम्प्युटर शिकले. सायकलवरून यायचे. त्यांचा एक नियम होता — डबा घराबाहेर न्यायचा नाही, आणि मालक शेजारी बसलेला असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. खराब झालेला तुकडा काढला, तर तोही मालकाच्या हातावर ठेवायचे. "हा तुमचा. फेका नायतर ठेवा, पन बघून घ्या."

पूर्ण सोसायटी त्यांना बोलवायची. बोलवणारा पहिला मी होतो, हेही सांगून टाकतो. माझ्या शब्दावर ते आत आले होते.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतो, आणि बघा, अजून सायकलच सांगतोय.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी ते पंखा साफ करायला आले. मंगल शाळेत कच्चे कागद दाखवायला गेली होती, म्हणून शेजारी बसायचं काम माझ्याकडे. मी दहा मिनिटं बसलो. मग कंटाळलो, शेव आणायला म्हणून खाली उतरलो, तिथे कोणीतरी भेटलं, अर्धा तास गेला. वर आलो तर इनासभाऊ सतरंजीवर मांडी घालून बसलेले. डबा उघडा. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवलेला. दोन्ही हात गुडघ्यांवर. मी गेल्यापासून त्यांनी कशालाही हात लावला नव्हता. "तुम्ही नव्हते ना," एवढंच म्हणाले, आणि पुढे कामाला लागले.

हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हे लक्षात ठेवा. मला संशय घ्यायलाही जागा नव्हती.

दसऱ्याला घराघरांत जे होतं तेच आमच्याकडे — स्कूटर, शिलाई मशीन, सुरी-विळी सगळ्यांना हळदकुंकू. मंगल आपट्याची पानं घेऊन शेजारी निघाली. निघताना म्हणाली, "कम्प्युटरची पूजा करा, पण पाणी लांब ठेवा." मी म्हणालो, मला काय लहान समजतेस? आणि ती जिन्यात पोचते न पोचते तोच मी कम्प्युटर चालू केला. का? तर बंद यंत्राची पूजा कशी करायची, ते निजलेलं असताना? झेंडूचं फूल कलशात बुडवून डब्यावर पाणी शिंपडलं. एकदा कमी वाटलं म्हणून दोनदा. मग ओल्या कुंकवाच्या अक्षता घेतल्या आणि मंगलमूर्ती म्हणत सढळ हाताने टाकल्या, त्या नेमक्या मागच्या जाळीवर. आत पंखा फिरत होता. एक बारीक 'फट्' झालं. जळका वास आला. पडदा काळा.

इथवर ही गंमत आहे. इथवर सांगितली असती तर सगळे हसले असते, मीही. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका आत अडकल्या होत्या, मंगल चिडली असती, दोन दिवस बोलली नसती. बस. एवढ्याचीच भीती होती मला? एवढ्याचीच. दुसरं कारण मी आजवर शोधतोय.

ती परत आली, तिने खटका दाबला, काही झालं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी — डबा मी आधीच पुसून कोरडा केला होता — मी म्हणालो, "परवा इनासभाऊ उघडून बसले होते. मी जरा खाली गेलो होतो. आतला चांगला पार्ट काढून जुना तर नाही ना घातला?"

'तर नाही ना.' प्रश्नच विचारला होता मी फक्त. खोटं बोलायची ही माझी पद्धत.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप मिळताच इनासभाऊ आले. घरात मंगल, मी, आणि सोसायटीचे सेक्रेटरी राणे, कारण त्यांचाही कम्प्युटर इनासभाऊच बघायचे आणि बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. इनासभाऊंनी सतरंजी मागितली. "बसा सगळे बाजूला, उघडून बघू." मी म्हणालो, नको. आता हात लावायचा नाही. उघडलं असतं तर कुंकवाचे तांदूळ बाहेर पडले असते — हे कळतंय ना तुम्हाला? तेव्हापासून त्या डब्यात मीच होतो, आणि झाकण मीच धरून बसलो होतो.

ते वाकले. मागच्या जाळीकडे बघत राहिले. तिथे कुंकवाचा एक ठिपका मी पुसायचा विसरलो होतो. मग अगदी हळू, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाले, "सायेब, पानी गेलं काय आत? गेलं असेल तर घाबरू नका. वाळवून होते कधीकधी."

त्यांनी दार उघडून दिलं होतं. मी नुसती मान हलवायची होती.

मी मोठ्याने म्हणालो, "पाणी कुठून जाणार? हे काय देवघर आहे?"

राणे म्हणाले, "इनास, राहू दे. तू जा आता." इनासभाऊंनी बॅग उचलली. दारात चपला घालताना मंगलला म्हणाले, "वैनी, तुमचे पेपर आत शाबूत असतील. कोनाकडे पन द्या, आधी तेवढे काढून घ्या." माझ्याकडे बघितलं नाही. रागाने नाही. मला लाज वाटू नये म्हणून, असं मला वाटतं.

मग माझी शोधाशोध सुरू झाली. मला आता विश्वासू माणूस हवा होता — म्हणजे काय, तर डबा उघडून आतलं बघेल आणि तोंड बंद ठेवील असा. आठवडाभर चौकशी केली. शेवटी डबा चादरीत गुंडाळून रिक्षातून सातिवलीला नेला, ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा ठिकाणी, एका गाळ्यात. तिथल्या माणसाने झाकण काढलं, बोटाने एकेक तांदूळ वेचून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काका, आत कोणाचं लग्न लावलं काय?" अकरा दाणे होते. मी म्हटलं, घरी बोलू नका. तो म्हणाला, माझं काय जातंय.

खरोखर कोणाला बोलला नाही. डबा चालू होऊन आला, मंगलचे पेपरही सापडले. फक्त सुरू होताना पडद्यावर मेमरीचे आकडे मोजत वर जायचे ना, ते आता पूर्वीच्या अर्ध्यावरच थांबले. जी चोरी मी इनासभाऊंच्या नावावर मांडली होती, ती आता खरीच झाली होती. सातिवलीत. आणि मी कोणाकडे तक्रार करणार होतो? कुठल्या तोंडाने?

मंगलने आकडे बघितले. म्हणाली, "म्हणजे खरंच काढून नेलं हो त्यांनी. मला वाटत होतं तुमचीच काहीतरी चूक होतेय." तिला आठवडाभर त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं. आता वाटेनासं झालं. मी तिथेच उभा होतो.

त्यानंतर राणेंनी वॉचमनला सांगितलं, इनासला आत सोडायचं नाही. शेजारच्या दोन सोसायट्यांनीही तेच केलं. आणि लोक माझ्याकडे यायला लागले — तुम्हाला अनुभव आहे, तुम्ही सांगा, कोणाला बोलवावं? मी सल्ले द्यायचो. लग्नात, बारशात, गणपतीत कोणीतरी म्हणायचंच, तो इनासचा किस्सा सांगा. मी सांगायचो. कसा सतरंजीवर साळसूद बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. ती बैठक मी करून दाखवतो. त्याला फार हसतात. थांबायचं कुठे? एकदा सांगितलं नाही तर विचारायचे, का हो, आज मूड नाही?

मधे एकदा इनासभाऊ माणिकपूरला शेअर रिक्षाच्या रांगेत भेटले. अंगात निळा शर्ट, छातीवर कुठल्याशा गोदामाचं नाव. म्हणाले, आता सातिवलीला असतो, माल मोजायला. मी विचारलं, कम्प्युटरचं काम? "सोडलं. कोनी बोलवत नाय." मग विचारलं, "वैनीचं टायपिंग चालू आहे ना?" मी हो म्हणालो. "बरं झालं," म्हणाले, आणि त्यांचा नंबर लागला. रिक्षात अजून एक जागा होती. मी पुढची घेतो म्हणालो.

तर परवा फोन ठेवला, आणि मंगल हात पुसत बाहेर आली. "काय म्हणालात तुम्ही त्याला?" मी सांगितलं. सगळं, फूल बुडवण्यापासून. या वेळी हातवारे जमले नाहीत. ती मधे एकदाही बोलली नाही. जेवलो. दुसरा दिवसही तसाच गेला.

आज सकाळी ती साडी बदलून आली, पर्स घेतली. मीही चपला शोधायला लागलो.

"त्यांना बोलवू नका म्हणून शाळांत मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही शाळांत. स्वतः जाऊन. तिथेही ते कम्प्युटर बघायचे, माहीत होतं ना तुम्हाला?"

माहीत होतं.

"गासला मी जाते. तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात की तिथेही किस्सा सांगाल."